पुडी म्हणजे किती?

प्रश्न थोडक्यात: पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या पंचेचाळिशीच्या आहेत आणि सासूबाई त्यांच्याकडेच असतात. सासूबाईंच्या गोड्या मसाल्याची आमटी भिशीतल्या मैत्रिणींना फार आवडायची. सगळ्यांनी कृती मागितली, तेव्हा यांनी वहीतून उतरवून दिली. त्यातल्या एकीने, ती मूळची सोलापूरची, अर्धा किलो धण्यांचा मसाला केला. तो कडवट आणि काळपट झाला. पुढच्या भिशीला ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "काहीतरी हातचं राखलंस गं तू." बाकीच्याही हसल्या. घरी सांगितलं तर सासूबाईंचं उत्तर, "घरचं बाहेर कशाला द्यायचं? दिलंस, आता भोग." आता डब्लिनमधल्या एका मैत्रिणीने हीच कृती मागितली आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत. इथून पुढे कृती द्यायचीच नाही का? भिशीतल्या मैत्रिणीची समजूत कशी घालू? आणि सासूबाईंचं काय? दिलेल्या कृतीचा कागद त्यांनी पत्राला जोडला आहे.

उत्तर:

तुम्ही काही लपवलं नाहीत, हे तुमचा कागद वाचून लगेच पटतं. मुख्य जिन्नस सगळे त्यात आहेत. पण लपवणं आणि राहून जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही पहिल्या आरोपाला उत्तर देण्यात इतक्या गुंतलात की दुसरी शक्यता तपासलीच नाही. तुमच्या मैत्रिणीचं वाक्य लागट होतं, मान्य. तरी ते अर्धं खरं निघेल अशी तयारी ठेवून कागद पुन्हा वाचू.

तुम्ही लिहिलंय: "धणे अर्धा किलो, सुकं खोबरं १ वाटी, तीळ १ वाटी, जिरे अर्धी वाटी, शहाजिरे २ चमचे, दगडफूल १ पुडी, लवंग, दालचिनी, मिरे प्रत्येकी १ तोळा, तमालपत्र, नागकेशर, मसाला वेलची, हिंग अंदाजाने. सगळं तेलावर खमंग भाजून बारीक दळावे."

दगडफूल १ पुडी. माझा पहिला संशय इथे आहे. तुमचा वाणी कागदात बांधून देतो ती पुडी फार तर २० ग्रॅमची असते, कधी त्याहून कमी. मॉलमध्ये मिळणारं दगडफुलाचं पाकीट ५० ग्रॅमचंही असतं. दगडफूल वजनाला इतकं हलकं की ५० ग्रॅम म्हणजे मोठी परडीभर होतं. अर्धा किलो धण्यांना २० ग्रॅमच्या आसपास ते पुरतं. त्याच्या दुप्पट-अडीचपट पडलं तर मसाला काळपट होतो, ओल्या मातीसारखा वास मारतो आणि जिभेवर मागून कडू लागतो. मैत्रिणीची तक्रार नेमकी हीच आहे. तिने "पुडी" वाचलं आणि दुकानातून एक पुडी आणली. चूक तिची नाही, आणि तुमचीही नाही. तुमच्या घरात चाळीस वर्षं एकच वाणी आहे, एवढंच.

वाटीचंही तसंच. सासूबाई खोबऱ्याला जी वाटी घेतात ती बहुधा मोठी, आमटीची आणि कीस दाबून भरलेली. मैत्रिणीच्या घरी वाटी म्हणजे कोशिंबिरीची, आणि कीस सैल. एवढ्यात खोबरं निम्म्यावर येतं. गोड्या मसाल्यातला "गोडा" खोबऱ्या-तिळाने येतो. ते कमी पडले की धणे-लवंगांचा उग्रपणा झाकायला काही उरत नाही. (तोळ्यावरून मात्र वाद नको. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, आता सोनार १० ग्रॅम धरतात. मसाल्यात त्या फरकाने काही बिघडत नाही.)

आता शेवटचं वाक्य, "सगळं तेलावर खमंग भाजून". यातला एकेक शब्द गोत्यात आणणारा आहे. "सगळं" म्हणजे एकत्र? तसं केलं तर धणे भाजले जाईपर्यंत जिरं जळून कोळसा होतं. "तेलावर" म्हणजे तीळ-खोबरंही? ते दोन्ही कोरडेच भाजायचे, त्यांचं स्वतःचं तेल भरपूर असतं. आणि "खमंग" ही खूण जिला तो वास आधीच ठाऊक आहे तिच्यासाठी. तुमची मैत्रीण सोलापूरची. तिच्या माहेरचा काळा मसाला तिखट, कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेला. तिच्या नाकाला "खमंग" म्हणजे तुमच्या खमंगच्या दोन पायऱ्या पुढे. त्यात पुण्याकडे बरीच घरं गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, म्हणजे घोटाळ्याला आमंत्रणच.

म्हणून आधी कृती नीट लिहू. खालचं प्रमाण पाव किलो धण्यांचं आहे. सासूबाईंचं थोडं वेगळं असेल आणि तेच कायम ठेवा. हे फक्त पडताळ्यासाठी.

धणे २५० ग्रॅम, सुकं खोबरं किसून ७५, पांढरे तीळ ६०, जिरे ३०, शहाजिरे १०, दगडफूल १०, दालचिनी १०, लवंग, मिरे, तमालपत्र, नागकेशर आणि मसाला वेलची प्रत्येकी ५, खडा हिंग ५ ग्रॅम, सुक्या मिरच्या पाच-सहा, हळद एक चहाचा चमचा. भाजायला तेल एकूण तीन-चार मोठे चमचे, जास्त नको. साधारण साडेचारशे ग्रॅम मसाला होतो.

भाजायचा क्रम असा. जाड बुडाची कढई, मंद आच. आधी तीळ कोरडे. तडतडायला लागले की काढायचे, दोन-तीन मिनिटांचं काम. मग खोबरं कोरडंच, बदामी होईपर्यंत. ते कढईत ठेवून गॅस बंद करू नका, तापलेल्या बुडावर ते पुढे भाजत राहतं आणि लाल झालं की कडू होतं. लगेच ताटात पसरा. मग चमचाभर तेलावर धणे, दोन घाण्यांत. अर्धा किलो धणे एका कढईत टाकले तर खालचे जळतात आणि वरचे कच्चे राहतात, आणि हा माझा दुसरा संशय आहे. एका घाण्याला आठ-दहा मिनिटं लागतात. रंग एक छटा गडद झाला आणि दाताखाली दाणा कटकन फुटला की झाले. रंग तपकिरी होण्याची वाट पाहायची नाही. त्यानंतर जिरे आणि शहाजिरे मिळून एखादं मिनिट. मग थोड्या तेलात लवंग फुगेपर्यंत, मसाला वेलची टम्म होईपर्यंत, तमालपत्र कुरकुरीत होईपर्यंत. दालचिनी, मिरे, नागकेशर आणि मिरच्या यांच्याच जोडीने. हिंगाचा खडा तेलात फुलून बोटाने चुरता आला पाहिजे, आत चिकट राहिला तर मिक्सरमध्ये गोळा होतो. दगडफूल सगळ्यांत शेवटी. आधी चाळून, झटकून, सालीचे तुकडे आणि वाळू काढून घ्यायची, नाहीतर आमटी दाताखाली कचकचते. कच्च्या दगडफुलाला वास जवळपास नसतोच, तो तेलात उघडतो. दहा-पंधरा सेकंदांत वास सुटला की उतरवायचं.

दळण्याची घाई करू नका. जिन्नस पूर्ण निवायला तास-दीड तास लागतो. कोमट असताना दळलं तर वाफ धरते आणि महिन्याभरात डब्यात गाठी, मग बुरशी. खडे मसाले आणि धणे आधी दळा. तीळ-खोबरं शेवटी आणि थांबत थांबत फिरवा. मिक्सर सलग चालवला तर तेल सुटून पेंड होते. हळद दळताना घाला. चाळा, जाडसर राहिलेलं पुन्हा फिरवा, आणि सगळे घाणे परातीत हाताने एकत्र करा. भांडं बदललं की प्रत्येक दळणात जिन्नस कमी-जास्त येतात. ही पायरी राहिली तर एकाच डब्यातल्या दोन चमच्यांची चव वेगळी लागते. नंतर आठ-दहा दिवस मसाला मुरू द्या. दळल्या दिवशी केलेल्या आमटीवरून मत बनवू नये.

एवढं करूनही आमटी बिघडू शकते, कारण तुमच्या कागदावर मसाला आहे, आमटी नाहीच. मैत्रिणींना आवडली होती आमटी. चार जणांसाठी पाऊण वाटी, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम तूरडाळ शिजवून घोटलेली. चिंच १०-१५ ग्रॅम, गूळ १५-२०, गोडा मसाला दीड ते दोन चहाचे चमचे. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. मसाला फोडणीत नाही. तो आधीच भाजलेला आणि पूड केलेला असतो, तापलेल्या तेलात तीन-चार सेकंदांत करपतो. डाळ फोडणीला घालून पाणी वाढवलं की चिंच-गुळाबरोबर मसाला टाकायचा आणि पाच-सात मिनिटं उकळी द्यायची. सोलापूरकडे काळा मसाला तेलात घालून तर्री आणतात. मैत्रिणीने सवयीने तसंच केलं असेल तर चांगला मसालाही कडूच लागला असता.

आता तिच्याकडे वळू. "मी काही लपवलं नाही" हे तुम्ही तिला आतापर्यंत दोन-तीनदा सांगितलं असेल. ते वाक्य आता पुन्हा नको. त्याने ती आरोप करणारी आणि तुम्ही आरोपी, ही मांडणी तशीच राहते. त्याऐवजी फोन करून सरळ म्हणा, "अगं, कागदावर मी नुसतं 'एक पुडी' लिहिलंय. तू दगडफूल किती ग्रॅम घातलंस?" मग आणखी तीन गोष्टी विचारा: धणे एकाच वेळी भाजले का, दळण घरी केलं की कांडपावर, आणि आमटीत मसाला कधी घातला. ही उलटतपासणी वाटू नये म्हणून सुरुवात स्वतःच्या चुकीने करा. तिने जिन्नसांवर बरेच पैसे घातलेत, घरच्यांना "बघा आता कशी आमटी होते" म्हणूनही सांगितलं असेल. चारचौघींत ती हसली, त्यात थोडी स्वतःचीच फजिती झाकणं होतं असं मला वाटतं. भिशीत बोललेलं भिशीतच मिटवायचा मोह होईल, पण बाकीच्यांसमोर खुलासा करत बसू नका. पुढच्या वेळी नीट लिहिलेला कागद सगळ्यांना द्या, तेवढ्याने भागतं.

तिच्या मसाल्याचं काही होऊ शकतं का, तेही सांगते. बिनफोडणीच्या साध्या वरणात चिमूटभर घालून चाखा. मातकट आणि उग्र लागला तर दगडफूल जास्त झालंय. मग तिचा शंभर ग्रॅम मसाला आणि नव्याने भाजून दळलेले शंभर ग्रॅम धणे-खोबरं-तीळ (दगडफुलाशिवाय) एकत्र करून पाहा, बहुतेक वेळा सुधारतो. करपलेल्या धण्यांचा कडूपणा असेल तर इलाज नाही. गूळ वाढवून तो झाकत नाही. फेकून द्यायला सांगा आणि तुमच्या डब्यातला पाऊण वाटी द्या.

सासूबाईंबद्दल तुमचं पत्र जरा घाईने पुढे जातं. तुम्ही धरून चालला आहात की कृती बाहेर गेली म्हणून त्या रागावल्या. असेलही. पण देण्याआधी तुम्ही त्यांना विचारलं होतं, असं पत्रात कुठे दिसत नाही. मसाला त्यांचा, वही त्यांची, आणि बातमी त्यांना कळली ती तक्रारीसोबत. त्यांच्या जागी कुणालाही पहिलं हेच वाटेल की माझ्या मसाल्याला कडू म्हणाले. गोड्या मसाल्याच्या जिन्नसांत तसं गुपित नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत यादी थोड्याफार फरकाने हीच निघेल. घराघराची चव वेगळी होते ती प्रमाणाने आणि भाजण्याने. हे त्यांना ऐकवायला मात्र जाऊ नका, त्याचा अर्थ "तुमच्या मसाल्यात विशेष काय" असा लागेल.

त्याऐवजी त्यांना पाव किलोचा घाणा करायला बसवा आणि तुम्ही वजनकाटा घेऊन शेजारी बसा. "किती घालता?" असं विचारू नका. विचारलं की माणूस आठवून सांगतो, आणि आठवणीतलं प्रमाण हातातल्यापेक्षा वेगळं असतं. दगडफुलाचा डबा आधी तोलून ठेवा, त्यांना हवं तेवढं घेऊ द्या, डबा पुन्हा तोला. वजाबाकी म्हणजे त्यांचा अंदाज. असं प्रत्येक जिन्नसाचं करा. भाजताना फक्त तीन गोष्टी टिपा: कढईत काय आधी गेलं, किती मिनिटांनी काढलं, काढताना रंग कसा होता. फोनवर व्हिडिओ घेतलात तर उत्तम, पण त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जाणार नाही असा ठेवा. मध्येच त्या अशी एखादी गोष्ट करतील जी वहीत नाहीच: खोबरं किसण्याआधी त्याची काळी पाठ खरवडणं, किंवा तमालपत्राचे देठ काढून टाकणं. ती विसरलेली नसते, सांगण्यासारखी वाटलेलीच नसते. हातचं राखलेलं असलंच तर ते हे.

मग त्यांना विचारा, "हे डब्लिनला पाठवू का, तुमच्या नावाने?" कागदावर वर "अमुक आजींचा गोडा मसाला" लिहिलेलं त्यांना दाखवा. तरीही त्या नको म्हणाल्या तर पाठवू नका. कृती देणं हे मैत्रीचं कर्तव्य नाही. "कृती सासूबाईंची आहे, त्यांना नाही आवडत. मसाला मात्र वर्षाला शंभर ग्रॅम तुझ्यासाठी ठेवीन" हे सरळ वाक्य आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. मधला मार्ग मला पसंत नाही, म्हणजे कृती द्यायची पण एक जिन्नस गाळायचा. बऱ्याच घरांत ही जुनी युक्ती चालते. नाही म्हणायचा धीर नसतो, मग समोरचीचा किलोभर मसाला वाया जातो आणि संशय कायमचा राहतो.

डब्लिनच्या मैत्रिणीला पाठवायचं ठरलं तर आणखी काही गोष्टी लागतील. वाटी-चमचे पूर्ण काढून टाका, फक्त ग्रॅम. आमटीसारख्या ठिकाणी वाटी ठेवायचीच असेल तर तुमची वाटी काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, पाण्याने भरा. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर वाटी. तिकडच्या पाककृतींत दिसणारा कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी बहुतेक दीडशेच्या आसपास. शहाजिऱ्याबद्दल बजावून सांगा. परदेशी दुकानांत "ब्लॅक क्युमिन" नावाखाली पुष्कळदा कलौंजी मिळते, ती चालणार नाही. दालचिनी पातळ सालीची की जाड कॅसिया तेही लिहा, जाड साल जास्त उग्र असते. डेसिकेटेड कोकोनट सुक्या खोबऱ्याऐवजी चालून जातं, पण साखर न घातलेलं घ्यायचं आणि ते फार लवकर लाल होतं, तेव्हा आच आणखी मंद. पावडरचा बांधानी हिंग वापरणार असेल तर त्यात गव्हाचं पीठ असू शकतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर पाकीट वाचूनच घ्यावं. आणि मसाल्यात तीळ आहेत हे वरच्या ओळीतच लिहा. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांना आपल्या आमटीत तीळ असतील अशी शंकाही येणार नाही.

हा प्रश्न गोड्या मसाल्यापुरता नाही, कारण अशी पत्रं पुरणपोळी आणि लोणच्यावरूनही येतात. तिथेही कागदावरून गळतात त्या गोष्टी ठरलेल्याच. पुरणाला साधा मऊ गूळ घ्यायचा, चिक्कीचा नाही, आणि डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर ती पुढे शिजत नाही. हे देणारीला इतकं उघड असतं की ती लिहीत नाही. लिंबाच्या लोणच्यात किलोभर लिंबांना २०० ते २५० ग्रॅम मीठ जातं. घेणारी ते वाचून घाबरते, निम्मं करते, आणि पंधरा दिवसांत बरणीवर पांढरा थर येतो. मीठ तिथे चवीपुरतं नसून टिकण्यासाठी आहे, एवढी एक ओळ शेजारी असती तर ती बरणी वाचली असती. कृती देताना प्रमाणाच्या शेजारी "हे कमी करू नकोस, कारण..." एवढं लिहायची सवय लावा.

भिशीसाठी एक सुचवते. पुढचा मसाला पाऊस सुरू व्हायच्या आत, एप्रिल-मेमध्ये चौघींनी मिळून करा. जिन्नसांना दोन दिवस कडक ऊन मिळतं, दळणात ओल राहत नाही. किलोभर धणे, वरच्या प्रमाणाच्या चौपट सगळं, खर्च चार ठिकाणी वाटून. भाजताना चौघींनी आळीपाळीने कढईवर उभं राहायचं, आणि कधी उतरवायचं ते सासूबाईंनी खुर्चीत बसून सांगायचं. सोलापूरच्या मैत्रिणीला दगडफुलाशी उभी करा. तो दहा-पंधरा सेकंदांत सुटणारा वास एकदा नाकाला कळला की तिला तुमचा कागद लागणार नाही. तिच्या माहेरच्या काळ्या मसाल्याची कृतीही मागून घ्या, ग्रॅममध्ये.

वाटणी झाली की काचेच्या कोरड्या बरण्यांत दाबून भरा, वर हिंगाचे दोन खडे, आणि झाकणावर तारीख लिहा. खोबरं असलेला मसाला बाहेर सहा महिने चांगला राहतो, पुढे खवट व्हायला लागतो. दिवाळीनंतर कुणी "आता पहिल्यासारखा वास येत नाही गं" म्हणाली, तर तिला झाकण वाचायला सांगा.